बिघाड सांगायचे, माणूस नाही

ऑफिसात शिरताना काका चप्पल बाहेर काढायचे. देवळाबाहेर काढतात तशी नीट नाही, शेताच्या बांधावर काढून टाकावी तशी, एक इकडे, एक तिकडे. राईस मिल असो, दवाखाना असो की पतसंस्था, फरशीवर भुसा असो की चिखल, ते अनवाणीच फिरायचे. भिंतीच्या कडेने गेलेल्या वायरीवर हलकेच पाय ठेवत ठेवत अख्ख्या खोलीला एक फेरी मारायचे. नव्या माणसाला वाटायचं, वास्तू बघायला कोणाला तरी बोलावलंय.

"पायाले समजते," ते म्हणायचे. "डोळा नुसती वायर पाहते. कुठं दबली, कुठं वाकली, ते पायाले समजते."

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. दरेकशाच्या जंगलात खांबावर चढून तारा जोडायचं काम. खांबांचे दिवस संपत आले तेव्हा, पन्नाशीच्या पुढे, ते संगणकाच्या वायरी जोडायला शिकले. निवृत्तीनंतर तेच काम झालं. सकाळच्या पॅसेंजरने दरेकशाहून गोंदियाला यायचे, स्टेशनजवळ ठेवलेली सायकल काढायचे आणि ज्यांचे नेट बंद, ईमेल बंद, प्रिंटर रुसलेले, अशा छोट्या छोट्या ऑफिसांत फिरायचे. हत्यारं जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात. वरच्या पुडात वायरीची टोकं, खालच्या पुडात पक्कड आणि टेस्टर, मधल्यात फोडणीचे पोहे.

मी तेव्हा मुर्रीहून येऊन एका राईस मिलच्या ऑफिसात बसायची. ईमेल बघणं, पत्रं टाईप करणं, ट्रकांचे कागद काढणं असं काम. घरी आम्ही पोवारी बोलतो, मिलमध्ये शेठजींची हिंदी. काका आले की झाडीबोली, इकडची मराठी, ऐकायला मिळायची, म्हणून नेट बंद पडलं की मला आतून थोडं बरंच वाटायचं.

आल्याबरोबर मालकाला भेटायची त्यांची पद्धत नव्हती. ते आधी झाडणाऱ्या बाईला शोधायचे. तिच्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "बाई, काल काय हललं?"

टेबल हललं का, कपाट सरकवलं का, पंखा पुसताना कुठली पिन निघाली का. त्यांचं म्हणणं असं की मशीन आपल्या मनाने बिघडत नाही. काहीतरी हलतं आणि मग बिघडतं. आणि काय हललं हे ऑफिसात फक्त झाडणाऱ्या बाईला माहीत असतं, कारण टेबलांच्या खाली तीच वाकते.

बिघाड सापडेपर्यंत ते चहाला हात लावत नसत. "चहा पिल्यावर माणूस लाजेनं 'झालं' म्हणून टाकते," म्हणायचे. शेठजींनी एकदा आग्रहाने कप हातात दिला, तर काकांनी तो नेऊन खिडकीत ठेवला. दोन तासांनी नेट आलं. मग त्या चहाची साय बोटाने बाजूला करून तो गार चहा त्यांनी समाधानाने संपवला.

पासवर्डची त्यांची एक रीत होती. आपण पासवर्ड टाईप करायला लागलो की काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. समोर कॅलेंडर असेल तर कॅलेंडर वाचायचे, काहीच नसेल तर भिंतीचे पोपडे. शेठजी तर पासवर्ड मोठ्याने ओरडून सांगणारे. ते ओरडले की काका दोन्ही हातांनी कान झाकायचे. "अरे, सुन लो ना, तुमसे क्या छुपाना," शेठजी म्हणायचे. काका कान झाकूनच मान हलवायचे. मी एकदा म्हटलं, काका, तुम्हाला तर सगळंच दिसतं, मग पासवर्डचं एवढं काय. ते म्हणाले, "डॉक्टर पोट पाहते, म्हणून काय तो घरच्या पेट्या उघडते?"

मुर्रीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी एका पतसंस्थेत होत्या. त्यांच्याकडची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तिथे रोज दुपारी जेवणानंतर नेट जायचं. सकाळी व्यवस्थित, दुपारी दोन वाजले की सगळे संगणक थंड. तीन माणसं येऊन पाहून गेली. सगळ्यांनी सांगितलं, मशीन बदला. मग काका आले. त्यांनी झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, हललं तर काही नाही, पण या वहिनींची कंबर दुखते, जेवल्यावर त्या तिरप्या बसतात.

काका वहिनींच्या खुर्चीखाली शिरले. मुख्य वायर तिथूनच गेली होती. सकाळी वहिनी सरळ बसायच्या तेव्हा खुर्चीचं चाक वायरीच्या अलीकडे राहायचं. दुपारी कंबर अवघडली की त्या डाव्या अंगावर कलायच्या आणि चाक बरोबर वायरीवर चढायचं. आत तांब्याचा धागा तुटत आलेला. दाबला की नेट बंद.

वहिनींना समजलं. महिनाभर अख्खी संस्था ज्यापायी हैराण, ते आपल्या कंबरेमुळे. मॅनेजर बाहेर आले, विचारलं, काय सापडलं. काका म्हणाले, "वायर जुनी होती, बदलली. अना इथल्या खुर्च्या बी जुन्या झाल्या. पाठीले टेका असणाऱ्या आणा, नाही तर पुन्हा वायर तुटंल."

आठवड्याने नव्या खुर्च्या आल्या. टेकायच्या खुर्चीचा आणि नेटचा काय संबंध, हे त्या मॅनेजरना कधी समजलं नाही.

तीच त्यांची पद्धत. बिघाड काय ते सांगायचं, कोणामुळे ते नाही. मी हे वहिनींकडून हसत ऐकलं होतं. मग माझ्यावर वेळ आली.

आमच्या मिलमधून एका बंदराच्या शहरातल्या व्यापाऱ्याला तांदूळ जायचा. त्याने मेल पाठवला की यावेळी माल नेहमीच्या गोदामात नको, दुसऱ्या ठिकाणी उतरवा. तो मेल आमच्याकडे कोणी वाचला नाही. सहा ट्रक जुन्या पत्त्यावर जाऊन उभे राहिले, तिथे कुलूप, आणि जहाज निघून गेलं. व्यापारी फोनवर म्हणाला, मी तीन मेल केले. आमच्या मेलपेटीत एकही दिसेना.

ती मेलपेटी दोन टेबलांवर उघडायची. एक माझं. दुसरं डिस्पॅचच्या बिसेनभाऊंचं. बिसेनभाऊ बावीस वर्षं मिलमध्ये होते. माउस धरताना त्यांची चार बोटं वर उचललेली असायची, गरम तव्याला हात लागेल अशी. त्यामुळे शेठजींना लगेच समजलं की मेल कोणी पुसले. बिसेनभाऊ म्हणाले, शेठजी, मी हात नाही लावला. शेठजी म्हणाले, "आपको पता भी नहीं चलता कहाँ हाथ लगा। घर बैठिए।"

मीसुद्धा मनात तेच म्हटलं. भाऊंच्याच हातून गेलं असणार. मला त्यांची दया आली, आणि आपलं टेबल स्वच्छ आहे याचं हायसंही वाटलं. ते मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. चप्पल काढली. झाडणाऱ्या बाईशी बोलले. मग माझ्या टेबलाशी बसले. मी पासवर्ड टाईप केला, ते भिंतीकडे वळले, पुन्हा बसले. पुसलेले मेल पाहिले, तिथे नव्हते. मग त्यांनी मेलपेटीचे नियम उघडले. कुठल्या पत्त्यावरून आलेला मेल कुठे ठेवायचा, हे तिथे एकदा लिहून ठेवलं की ते आपोआप होत राहतं.

तिथे एकच नियम होता. त्या व्यापाऱ्याच्या कंपनीकडून येणारं सगळं वाचलेलं समजून एका वेगळ्या कप्प्यात टाकावं. कप्प्याचं नाव होतं, 'नंतर बघू'.

देवनागरीत. आमच्या ऑफिसात देवनागरी टाईप करणारी मी एकटी. ग्रामपंचायतीची पत्रं मी करायची.

मला सगळं आठवलं. त्या कंपनीच्या जाहिराती दिवसाला वीस वीस यायच्या. चार महिन्यांपूर्वी कामाच्या गर्दीत एका सकाळी मी वैतागून तो नियम लावला होता. जाहिरातीचा पूर्ण पत्ता टाकायचा, तर मी अर्धाच टाकला. त्या अर्ध्यात कंपनीतली सगळी माणसं आली. एरवी त्यांचं काम फोनवर चालायचं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी तर तो कप्पा विसरूनच गेले होते.

काकांनी कप्पा उघडला. तिन्ही मेल तिथे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माउसवरचा हात काढला, गुडघ्यावर ठेवला. मग नियम पुसला आणि शेठजींना बोलावलं.

"चिठ्ठ्या आल्या होत्या," ते म्हणाले. "बाजूच्या कप्प्यात जाऊन बसल्या. तसा नियम लागला होता. मी काढला. बिसेनभाऊनं लावला नाही."

"तो किसने लगाया?"

"ते मी सांगत नसतो."

"पता है आपको?"

"हाव. माहीत आहे."

शेठजी शांत आवाजातच बोलत होते, ते जास्त भीतीदायक होतं. "काम हमारा है। नुकसान हमारा हुआ। बताओगे भी हमको ही।"

"शेठजी, मी बिघाड सांगतो. माणूस सांगाले लागलो, तर उद्यापासून मले कोणी खरं सांगणार नाही. झाडणारी बाई बी नाही. मग मले बिघाड सापडणार नाही. हे माह्या कामाचं आहे, इमानाचं नाही."

"फिर आप कल से मत आइए।"

काकांनी डब्याची पुडं एकात एक बसवली, कडी लावली. खिडकीत ठेवलेला चहा तसाच होता. बिघाड सापडला होता, तरी त्यांनी तो घेतला नाही. दाराबाहेर एक चप्पल सापडली, दुसरी शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

शेठजींनी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. बिसेनभाऊ घरीच राहिले.

तीन दिवस मी ऑफिसात गेले, आले. आईने ताटात वाढलेलं तसंच परत नेलं. रविवारी मी पॅसेंजरमध्ये बसून दरेकशाला गेले. काकांचं घर स्टेशनच्या मागे, सागाच्या झाडीला लागून. काकू अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही तरी पाणी दिलं. काका आतून आले, बसले. मी पुष्कळ काय काय ठरवून आले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, तुम्ही मला वाचवलं."

"तुले कोणी वाचवलं?" ते म्हणाले. "तुह्या जागेवर बिसेन बसला घरी. त्याले वाचवाले मी अर्धं बोललो. अर्धं तुह्यासाठी ठेवलं."

"शेठजी मला काढतील."

"काढतील बी. मले काय माहीत."

एवढंच. धीर दिला नाही, रागावलेही नाहीत. काकूंनी भात वाढला. मला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. जेवताना काकांनी मला एक गोष्ट मात्र विचारली. "कप्प्याचं नाव 'नंतर बघू' काऊन ठेवलं? 'कचरा' म्हणून ठेवते लोकं."

मी म्हटलं, "कोणी पाठवलेल्याला कचरा म्हणवलं नाही."

काका हसले. त्या दिवशी तेवढंच.

सोमवारी मी शेठजींसमोर उभी राहिले आणि सांगितलं. ते टेबलावरचे तांदळाचे नमुने बोटाने चाळत राहिले. मग म्हणाले, "तीन दिन लगे?"

मी हो म्हटलं. त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर स्वतः बिसेनभाऊंना लावला. "भाऊजी, आ जाइए. गलती हमारी थी।" 'आमची' म्हणाले, माझं नाव घेतलं नाही. मला काढलं नाही. चार महिने मेलपेटी बिसेनभाऊंकडे दिली. भाऊ चार बोटं उचलून एकेक मेल उघडायचे आणि मला मोठ्याने वाचून दाखवायचे, जाहिरातीसुद्धा. मी एकही जाहिरात चुकवली नाही.

काकांना परत बोलवायचं मात्र शेठजींच्या जिभेवर येईना. पावसाळ्यात वीज कडाडली आणि नेटची मशीन जळाली, तेव्हा त्यांनी काही न बोलता बिसेनभाऊंना मोटारसायकल घेऊन स्टेशनवर पाठवलं. काका मागे बसून आले. चप्पल काढली आणि झाडणाऱ्या बाईसमोर उकिडवे बसले. जुन्या गोष्टीबद्दल कोणी कधी शब्द काढला नाही.

लग्नानंतर मी नवेगाव बांध या गावी आले. इथे मासे धरणाऱ्या लोकांच्या एका छोट्या संस्थेचं ऑफिस मी सांभाळते. दोन संगणक, एक प्रिंटर. त्याच सुमाराला कळलं की काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत चालायचे, गाडीत चढणं संपलं.

मी एक जुना लॅपटॉप घेऊन दरेकशाला गेले. त्यावर एक सोय टाकून घेतली होती. घरी बसून दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा दिसतो, इथून माउस हलवला की तिकडचा हलतो. काकांना ही सोय माहीत होती आणि तिचा त्यांना राग होता. शहरातल्या कंपन्यांची पोरं असं दुरून काम करायची, त्यांना ते म्हणायचे, घरात न येता खिडकीतून हात घालून राहिले.

"मी नाही करत हे," काका म्हणाले. आजारानंतर त्यांचे शब्द जड झाले होते.

काकू चुलीजवळून म्हणाल्या, "मग काय करता? भिंत पाहता दिवसभर?"

ते शिकले. डाव्या हाताने. त्यांच्या घरात रेंज फक्त ओसरीच्या एका कोपऱ्यात यायची, तिथे काकूंनी बाज टाकली आणि लॅपटॉपखाली धान मोजायची पायली उपडी ठेवली. आधी माझं ऑफिस जोडलं, मग दवाखाना, पतसंस्था, मिल, अशी बारा ऑफिसं झाली. दर वेळी काका आधी फोन करायचे आणि विचारायचे, "आत येऊ काय?" मशीनवर परवानगीचं बटण होतंच, पण त्यांना माणसाच्या तोंडून 'या' ऐकायचं असायचं. ते ऐकल्याशिवाय माउस हलत नसे. मग पडद्यावर बाण थरथरत निघायचा, एखादं म्हातारं माणूस अंगण ओलांडतं तसा. आम्ही सगळे त्या बाणाकडे बघत बसायचो. घाई कोणीच करत नसे. मध्येच फोनवर आवाज यायचा, "झाडणाऱ्या बाईले फोन दे."

पासवर्ड टाकायची वेळ आली की ते म्हणायचे, "मी डोळे मिटले." आम्हाला ते कुठे दिसत होते. आणि टाईप केलेलं तर पडद्यावर नुसते ठिपके होऊन येतं. काकूंनी पुढे मला सांगितलं, ते खरंच मिटायचे. ओसरीवर, एकटे असतानाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. तेरवीनंतर काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "त्या मशीनवर हिरवे टिपके लागून राहिले रोज. त्याईचं काय करू?"

मी गेले. लॅपटॉप अजून त्याच पायलीवर होता. पडद्यावर बारा ऑफिसांची यादी, आणि जिथला संगणक सुरू असेल तिथे नावापुढे हिरवा ठिपका. काकूंना वाचता येत नाही. पण त्यांनी बोट ठेवून मला सांगितलं, "हा दवाखाना. डॉक्टर सोमवारी उशिरा येते. ही पतसंस्था, दहा वाजले का टिपका लागलाच. हे मिलवाले, हे दिवाळीले बी येतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सकाळी चहा घेऊन बसत अना सांगत मले. हा आला, तो आला. कोणी नाही आलं तर म्हणत, बिमार असंल."

मी त्यांना समजावलं, या दुसऱ्यांच्या घरच्या किल्ल्या आहेत, परत द्याव्या लागतात. काकू हो म्हणाल्या. मी एकेका ऑफिसाला फोन करून सांगत गेले आणि नाव काढत गेले. पुष्कळ वेळ लागला, कारण प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. पतसंस्थेतल्या वहिनी रडल्या. शेठजी म्हणाले, "आवाज़ देकर अंदर आते थे। अब कौन आवाज़ देता है।" 

शेवटी माझं ऑफिस उरलं. त्या दिवशी ते बंद होतं, ठिपका नव्हता. मी काढायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला.

"हे एक राहू दे," त्या म्हणाल्या. "मी काही उघडत नाही. मले येतच नाही उघडता. तू आली का नाही, एवढं समजंल."

मी आत येण्याची परवानगी बंद केली, पासवर्ड बदलला आणि ठिपका तेवढा ठेवला.

परवा पोरीला शाळेत सोडताना वेळ झाला. ऑफिसात पोहोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. संगणक सुरू केला, पिशवी टेबलावर ठेवली, आणि फोन वाजला.

"काऊन वो, आज उशीर?"

"पोरीची शाळा होती, काकू."

"जेवली काय?"

"नाही अजून."

"मग जेव आधी," काकू म्हणाल्या. "टिपका लागला आहे. मी पाहून राहिली."